काळ्या काचेचा मुखवटा आणि बाबांची चकती

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. दचकू नका. मी नाटकातल्या राक्षसाचा नाही, की चोराचाही नाही. वेल्डिंग करताना तोंडावर घालतात ना, तो मी. रंगाने काळा, हनुवटीपाशी फुगलेला, रूपाच्या नावाने बोंब. नाक नाही, तोंड नाही, डोळ्यांच्या जागी फक्त एक आडवी खिडकी. शेजारच्या काकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या मालकिणीला म्हणाल्या, की डोक्यावर बादली उलटी घालून कसलं गं काम करतेस? ते शब्द माझ्या मनाला फार लागले होते. आता वय झालं. आता कुणी बादली म्हटलं तरी मी ओ देतो.

स्वभावाने मी पहिल्यापासून चौकस. हे आपलं माझं म्हणणं. लोक मला भोचक म्हणतील. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. गरम साच्यांतून आम्ही एकामागून एक बाहेर पडत होतो. माझी खिडकी तेव्हा रिकामी होती, त्यामुळे सगळं लख्ख दिसायचं. कारखान्यातल्या बाया आमच्या कडा घासता घासता घरच्या गोष्टी बोलत. एकीची सून रुसून निघून गेली होती. ती परत आली की नाही, हे कळायच्या आतच मला खोक्यात भरलं. तेव्हापासून अर्धवट गोष्टींची मला भारी चीड आहे.

पुढे मी एका अवजारांच्या दुकानात खिळ्यावर लटकलो. येणारा-जाणारा मला डोक्यावर चढवून बघायचा, आरशासमोर मान वाकडी करायचा आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचा. एके दिवशी एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली. दुकानदाराने काही न विचारता मला त्या गृहस्थांच्या डोक्यावर बसवलं आणि म्हणाला, वा काका, तुमच्यासाठीच बनलाय जणू. काकांनी मला काढलं आणि मुलीच्या हातात दिलं. माझं काम काचेचं आहे, हा हिच्यासाठी हवाय, असं ते म्हणाले. दुकानदाराचा चेहरा पडला, पण विक्री ती विक्री. त्याने माझ्या खिडकीत एक साधी काच बसवली, आणि तिच्यापुढे बिजागरीवर उघडझाप होणारी एक काळी काच लावली. ती काळी काच टक्कन खाली पडली आणि माझं जग विझलं.

विझलं म्हणजे अगदी विझलं, मित्रांनो. त्या काचेतून भर दुपारचा उजेडसुद्धा आत येत नाही. दिसते ती फक्त वेल्डिंगची ज्योत. ज्योत एवढी प्रखर असते, की उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि दोन दिवस दिवा नकोसा वाटतो. म्हणून मी. माझी मालकीण, म्हणजे तीच मुलगी, मान झटकायची, मी तिच्या तोंडावर उतरायचो, ज्योत पेटायची आणि मला मुगाच्या डाळीएवढं वितळलेलं स्टील दिसायचं. काम थांबलं की ती मला डोक्यावर सारायची आणि माझं तोंड छताकडे व्हायचं. तिथे दिवा होता. काळ्या काचेतून तो हिरवा टिपका दिसायचा. डाळ आणि टिपका, टिपका आणि डाळ! माझ्यासारख्या चौकस प्राण्याचं असं आयुष्य कुणी ठरवलं, देव जाणे.

काळी काच उचलता येत होती, हे खरं. पण पहिल्याच वर्षी बिजागरीत धूळ आणि स्टीलचे कण अडकले आणि ती घट्ट बसली. मालकिणीला त्याचं काही वाटलं नाही. ती आपली अख्ख्या मलाच वर-खाली करायची.

मालकीण शिल्पकार होती. स्टेनलेस स्टील आणि काच, या दोनच गोष्टींतून ती शिल्पं घडवायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला तिचं टेबल, दुसऱ्या बाजूला तिच्या बाबांची काचेची भट्टी. बाबा काच वितळवून लोखंडी साच्यात ओतायचे आणि रंगीत चकत्या काढायचे. त्या चकत्यांना ती स्टीलची कडी घालायची. बाबा तिला ठिणगी म्हणत. आळीतले लोक मात्र तिला भांडीवाली म्हणत, कारण स्टीलचं काम करते म्हणजे भांडी करते, अशी त्यांची ठाम समजूत. एखादं शिल्प घेऊन बसावं, तर शेजारच्या काकू हजर. तेवढा कढईचा कान जोडून दे ना, तुला काय, चुटकीसरशी होईल. मालकीण मनातल्या मनात चरफडायची. मनातलं मला ऐकू यायचं, कारण ती ते माझ्या आतच पुटपुटायची. पण कान जोडून द्यायचीच, आणि तोही असा, की नव्या कढईने मान खाली घालावी.

तिचा जोड आळीत प्रसिद्ध होता. ती दोन तुकडे जोडायची, मग घासायची, मग पॉलिशच्या चाकावर धरायची, आणि मग जोड कुठे होता हे तिलाही सापडायचं नाही. लोकांना ती म्हणायची, शोधा पाहू. लोक स्टीलमध्ये स्वतःचीच तोंडं बघत बसायचे.

आम्ही नेमकं काय बनवतोय, हे मला कधीच कळायचं नाही. मी अंदाज बांधायचो. एकदा लांबच लांब नळ्या जोडत होतो. मी ठरवून टाकलं, हा जिराफ. केवढा आनंद झाला होता मला! शेवटी काकू आल्या आणि म्हणाल्या, वा, जिन्याचा कठडा छान झालाय हं. आठवडाभर मी खट्टू होतो.

शेडमध्ये एक रीत होती. ज्योत पेटवण्यापूर्वी मालकीण मोठ्याने ओरडायची, “डोळे!” की बाबा हातातलं काम तसंच ठेवून भिंतीकडे तोंड करायचे. काकू असल्या तर त्याही पदराआड तोंड घालायच्या. काम संपलं की मालकीण म्हणायची, झालं, आणि सगळे वळायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

बापलेकीचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. बाबा म्हणायचे, काचेला कडीत नखभर जागा सोडावी. स्टील तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. काचेला ते सोसत नाही. मालकीण म्हणायची, नखभर फट म्हणजे केवढी! लोक म्हणतील, मापाचं काम येत नाही. ती केसभर जागा ठेवायची आणि बाबा चकतीची कड हळूच आणखी घासून नखभर करून ठेवायचे. तिला ते कळायचं, पण ती कळल्याचं दाखवायची नाही. असा दोघांचा कारभार सुरळीत चालला होता.

मग एके सकाळी बाबांच्या हातात कप-बशी वाजली. मी छताकडे तोंड करून होतो. मला नुसता आवाज आला. दुसऱ्या दिवशीही वाजली. हळूहळू तो आवाज रोजचाच झाला. बाबांचे हात थरथरू लागले होते. डॉक्टरांनी औषधं दिली, हातांना आराम द्या म्हणून सांगितलं, पण थरथर काही गेली नाही. साच्यात काच ओतताना आता ती बाहेर सांडायला लागली. वितळलेली काच पायावर पडली तर खेळ खलास. एक दिवस बाबांनी ओळखीच्या दोघांना मदतीला बोलावून एक मोठी चकती ओतली. भट्टी विझवली आणि पुन्हा पेटवली नाही. ही शेवटची, असं त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. पण भट्टी गार पडत गेली तसतशी शेडमध्ये एक विचित्र शांतता पसरत गेली, आणि ती मलाही कळली.

चकती मी पाहिलेली नव्हती, पण तिचं वर्णन ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. परातीएवढी मोठी. रंग तळ्याच्या तळाशी असतो तसा हिरवट निळा. कड मात्र गोल नाही, वाकडीतिकडी, कारण ओतताना हात हलला होता. काकू म्हणाल्या, घासून गोल करून घे की. मालकीण म्हणाली, या कडेला कुणी हात लावायचा नाही. बाबांचा हात जसा हलला तसाच तिच्यात राहू दे.

त्याच सुमारास मालकिणीला एका वाचनालयाच्या अंगणासाठी शिल्प करायला सांगितलं गेलं. पाण्याच्या तळातून वर निघालेले बुडबुडे, असं तिच्या मनात होतं. स्टीलच्या कड्या एकीवर एक, माणसाच्या दुप्पट उंच, आणि प्रत्येक कडीत काचेची चकती. सगळ्यात वर, आकाशाला टेकलेली, बाबांची ही शेवटची. ती बसली तर शिल्प पूर्ण. ती फुटली, तर तशी दुसरी जगात कुणी ओतू शकणार नव्हतं. स्वतः बाबासुद्धा नाही.

या मोठ्या कामासाठी तिने एक नवा मुखवटा मागवला. ज्योत पेटली की आपोआप काळा होणारा, विझली की आपोआप उजळणारा! म्हणजे त्याला सगळं दिसणार, आयतं. मी जळून खाक झालो. पण तिने तो एकदा डोक्यावर चढवला, म्हणाली, सवय नाही बाई याची, आणि खोक्यात परत ठेवला. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण खोक्यात तो असताना मला बरं वाटायचं.

बाकीच्या कड्या झटपट झाल्या. त्या गोल होत्या. आधी कडी जोडायची, गार करायची, मग काच बसवायची. बाबांच्या चकतीला हे चालणार नव्हतं. वाकडी काच तयार कडीत शिरत नाही. स्टीलची पट्टी तिच्या कडेने वळवत न्यायची आणि काच आत असतानाच शेवटचा जोड मारायचा, हा एकच मार्ग होता.

बाबा रोज शेडमध्ये येऊन स्टुलावर बसायचे. शेवटचा जोड मारायच्या दिवशी ते म्हणाले, इथे नखभर पुरणार नाही, दोन नखं सोड. जोड गार होताना पट्टी ओढली जाईल. मालकीण म्हणाली, मला ठाऊक आहे, जाड कापड घातलंय मधे. बाबा म्हणाले, कापडाने आच अडते, ओढ अडत नाही. खरं तर बोलणं इथे थांबायला हवं होतं. पण मालकिणीला रात्रभर झोप नव्हती, उद्घाटनाचा दिवस तोंडावर आला होता, आणि बाबा पुन्हा म्हणाले, अगं, ऐक माझं, थोडं मोकळं सोड.

“बाबा, हात थांबलेत ना तुमचे?” ती म्हणाली. “मग आता बोलणंही थांबवा.”

मी तिच्या डोक्यावरच होतो. शब्द तोंडातून सुटल्याबरोबर तिची मान ताठ झाली. तिला स्वतःलाच ते लागलं असावं. पण बाण सुटला तो सुटला. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग बाबांची पावलं दाराकडे गेली, आणि दार अगदी हळू लागलं. ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती टेबलाकडे वळली. मग सवयीने ओरडली, “डोळे!” भिंतीकडे वळायला शेडमध्ये कुणीच नव्हतं. मान झटकली, मी खाली आलो, ज्योत पेटली.

जोड अप्रतिम झाला, हे मी शपथेवर सांगतो. आयुष्यात इतकी सरळ शिवण मी पाहिली नव्हती. ज्योत विझली. तिने मला वर सारलं. स्टील गार होताना टिकटिक वाजतं, तसं ते वाजू लागलं. हिरव्या टिपक्याकडे बघत मी टिकटिक ऐकत होतो. आणि मधेच एक वेगळा आवाज आला. चट्.

काय झालं? काय वाजलं? मला काहीच दिसेना. मी वाट पाहत होतो, ती काही बोलेल, शिव्या देईल, पुटपुटेल. पण तिने मान झटकली आणि मला पुन्हा तोंडावर ओढून घेतलं. ज्योत पेटवली नाही. हातात काही घेतलं नाही. नुसती काळोखात बसून राहिली. मग माझ्या आतल्या बाजूने काहीतरी ओलं खाली घरंगळलं. घाम मला चांगला ओळखता येतो, मित्रांनो. हा घाम नव्हता.

इतकी वर्षं मी तिचं तोंड आगीपासून झाकलं होतं. त्या दिवशी ते रिकाम्या शेडपासून झाकलं.

किती वेळ गेला कोण जाणे. काकू आल्या, गळक्या चोचीची किटली घेऊन. ठिणग्या नाहीत, आवाज नाही, आणि ही मुखवटा घालून पुतळ्यासारखी बसलेली. काकूंनी एकदा हाक मारली, दोनदा मारली. मग टेबलाकडे पाहिलं असावं, कारण त्यांनी तोंडातल्या तोंडात अरे देवा म्हटलं. किटली तिथेच ठेवून त्या लगबगीने बाबांना बोलवायला घराकडे गेल्या. या बाईला मी आयुष्यभर मनातल्या मनात नावं ठेवत आलो. ती सगळी त्या दिवशी परत घेतली.

थोड्या वेळाने बाबांची पावलं आली. ते समोर येऊन उभे राहिले.

“मुखवटा काढ,” ते म्हणाले.

ती हलली नाही. बाबांनी मग स्वतःच हात घातला. पण मला कसं धरतात हे त्यांना कुठे माहीत? डोक्यावरचा पट्टा सोडून त्यांनी नेमकी काळी काच पकडली आणि थरथरत्या बोटांनी ती वर ओढली. बिजागरी कर्र्कन करकरली, कित्येक वर्षांची धूळ खाली पडली, आणि काळी काच उघडली.

मित्रांनो, एकदम उजेड झाला! माझ्या खिडकीत फक्त साधी काच उरली होती. आणि तिच्यासमोर, वीतभर अंतरावर, बाबा होते. ते बारीक झाले होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. दुकानात पाहिलेला माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडला. ते खिडकीतून आत, मुलीच्या डोळ्यांकडे बघत होते. मग त्यांनी मला तिच्या डोक्यावरून अलगद उतरवलं आणि टेबलावर, डब्याला टेकून, उभं ठेवलं. मालकीण मला नेहमी पालथा ठेवायची. त्यामुळे या वेळी मला सगळं दिसत होतं.

चकती समोरच होती. काय रंग होता तो! वर्णन ऐकून मी मनात जे रंगवलं होतं, ते सगळं फिकं पडलं. आणि खालच्या कडेपासून आत, हातभर नाही पण साधारण वीतभर, एक रेघ गेली होती. तडा.

आता बाबा म्हणणार, सांगितलं होतं ना तुला. मी जीव मुठीत धरून बसलो. पण बाबा खाली वाकले, तड्यावरून नख फिरवलं आणि काचेच्या अगदी जवळ कान नेला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चौकसपणा होता. तो चेहरा मला लगेच ओळखीचा वाटला. भोचक माणूस भोचकाला ओळखतो.

“आवाज कसा आला?” त्यांनी विचारलं. “लांब आला, की एकदाच?”

“एकदाच. चट् असा.”

“मग ती अजून थांबलीय. वाचेल.”

पुढचं त्यांनी तिला थोडक्यात समजावलं. लांब आवाज म्हणजे तडा आरपार गेला. एकदाच वाजलं म्हणजे तो अर्ध्यावर थबकलाय. पण पट्टी अजून काचेला आवळतेय. ती सैल केली नाही, तर आज ना उद्या तडा दुसऱ्या टोकाला पोहोचणार. कापायचं तर मशीन नको. मशीनची आच आणि धक्का, दोन्ही घातक. साधी हाताची करवत घ्यायची आणि आपण मारलेलाच जोड हळूहळू कापायचा.

मालकिणीने करवत उचलली. पण एका हाताने चकती धरून दुसऱ्याने कापायला जावं, तर काच हलत होती. बाबांनी करवत तिच्या हातातून घेतली. ती घाबरून त्यांच्या बोटांकडे बघायला लागली. बाबा हसले.

“काच धरायला स्थिर हात लागतो, तो तुझा,” ते म्हणाले. “करवतीला हलणाराच लागतो.”

तिने चकतीला दोन्ही हातांनी कवटाळलं, छाती टेकवली, श्वास रोखला. बाबा कापू लागले. करवत घसरायची, पुन्हा खाचेत यायची, पुन्हा घसरायची. थरथर होतीच. पण खाच एकदा खोल झाल्यावर पातं तिच्यातच राहिलं आणि थरथरीला बाहेर पडायला जागा उरली नाही. काकू दारात तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. मी डब्याला टेकून डोळे फाडून बघत होतो. मी पाहिलेली सगळ्यात सुंदर शिवण डोळ्यांसमोर भुशासारखी खाली पडत होती, आणि मी मनात म्हणत होतो, कापा, बाबा, कापा.

पट्टी सुटली. तिची दोन्ही टोकं टणकन अलग झाली, मधे बोटभर फट पडली. चकती मालकिणीच्या हातांत हळूच खाली बसली. आम्ही सगळे कान देऊन थांबलो. काही वाजलं नाही. तडा होता तिथेच राहिला.

“बाबा,” ती म्हणाली, “मी काय बोलून गेले तुम्हाला.”

बाबा म्हणाले, बोललीस खरी. ऐकूनही झालं. आता ही बसवायची कशी ते बघ.

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, कडी उघडीच ठेवते. पट्टीला आतून तीन छोटे टेकू जोडायचे, त्यांवर रबर, आणि काच नुसती टेकवायची, आवळायची नाही. बाबा म्हणाले, फट दिसेल. ती म्हणाली, दिसू दे.

टेकू जोडायचे म्हणून काच बाजूला गादीवर ठेवली. मालकिणीने सवयीने हात पुढे केला मला घ्यायला, आणि ओरडली, “डोळे!” बाबा सवयीने भिंतीकडे वळले. आणि ती थांबली. तिचा हात हवेत तसाच राहिला. तिने बाबांच्या पाठीकडे पाहिलं. इतकी वर्षं एका शेडमध्ये, चार पावलांवर, आणि बाबांनी तिला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं. तिला ते आत्ता कळलं. आणि खरं सांगतो, मलाही.

तिने मला उचललं आणि बाबांच्या डोक्यावर बसवलं. पट्टा सैल करून घेतला. स्वतः खोक्यातला नवा मुखवटा काढला. त्या वेळी मला त्याचा मुळीच हेवा वाटला नाही. तिने बाबांच्या कपाळापाशी हात नेला, माझी काळी काच खाली ओढली आणि म्हणाली, आता बघा.

ज्योत पेटली. बाबांच्या डोक्यावर जग थोडं हलत होतं, पण मुगाची डाळ स्पष्ट दिसत होती. मालकिणीच्या डाव्या हातातली तार त्या डाळीला थेंब थेंब देत होती, उजवा हात पुढे सरकत होता, आणि मागे शिवण पडत होती. बाबांचा श्वास माझ्या आत अडकला. मग ते हळूच म्हणाले, “अगं, हे तर वाहतंय. माझ्या काचेसारखंच वाहतंय.”

तिने ज्योत विझवली आणि वळून विचारलं, काय म्हणालात? बाबा म्हणाले, काही नाही, पुढचा टेकू जोड. तिसरा टेकू होईपर्यंत त्यांनी इतके प्रश्न विचारले, की तासाभराच्या कामाला सगळी दुपार गेली. ती तार कशाची? हा वारा कसला सोडतेस नळीतून? थेंब खाली का पडत नाही? ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती. मी दोघांच्या मधे होतो, आणि माझ्याही किती जुन्या प्रश्नांची उत्तरं त्या दुपारी मला मिळाली म्हणून सांगू!

शिल्प वाचनालयाच्या अंगणात उभं राहिलं. पाया तिथेच जमिनीतल्या पट्ट्यांना जोडायचा होता, म्हणून मीही बाबांच्या काखेत बसून गेलो होतो. काम झालं, माणसं जमली. बुडबुडे खालून वर चढत गेले होते आणि सगळ्यात वर उघड्या कडीत बाबांची चकती नुसती टेकून बसली होती. ऊन तिच्यातून खाली येऊन फरशीवर हिरवं-निळं सांडत होतं. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मान वर करून विचारलं, की तो तडा मुद्दाम ठेवलाय का, कलेचा भाग म्हणून. मालकीण म्हणाली, नाही हो, मी फार घट्ट धरली म्हणून गेला. मग ती त्यांना काचेबद्दलच सांगत सुटली. ती कड बघा, असा काठ साच्यातून येत नाही, तो रंग कसा साधला ते फक्त बाबांना ठाऊक.

इकडे बाबांभोवती दुसरा घोळका होता. कुणीतरी त्यांना म्हणालं, काका, काच तुमची ना? फार सुंदर. बाबांनी हात झटकला.

“काच राहू द्या हो,” ते म्हणाले. “हे टेकू कुठे जोडलेत, ते शोधून दाखवा पाहू. नाहीच सापडणार. मला माहीत आहे, कारण जोडताना मी बघितलंय.”

मित्रांनो, मी आता बाबांचा मुखवटा आहे. माझी साधी काच डागाळली आहे, पट्टा झिजला आहे. मला मऊ फडक्याने पुसा, पालथा टाकू नका, एवढंच माझं मागणं. वेल्डिंगची ज्योत उघड्या डोळ्यांनी कधी बघू नका. कुतूहल असलं तरी नाही. पण तुमच्या घरातही कुणीतरी रोज तुमच्याकडे पाठ करून काहीतरी करत असेल. जवळ जा आणि म्हणा, मला दाखवता का? बाबांना हे म्हणायला हात थांबेपर्यंत सुचलं नाही, आणि त्यांच्या लेकीलाही तोवर दाखवायचं सुचलं नाही. दोघांचे डोळे अजून शाबूत होते, म्हणून निभावलं.